शाळेची हद्द बदलते तेव्हा: हॉवर्ड काउंटीतल्या हायस्कूल फेरआखणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर बघायला निघालेलं मराठी कुटुंब बेडरूम किती हे विचारण्याआधी ‘शाळा कुठली लागते?’ असं विचारतं. त्या प्रश्नाचं उत्तर कायमचं नसतं, हे बहुतेकांना फार उशिरा कळतं. मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) २०१९ साली हजारो मुलांच्या शाळा एका नकाशाने बदलल्या. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या मधोमध असलेल्या या काउंटीत, म्हणजे एलिकॉट सिटी, कोलंबिया, क्लार्क्सव्हिल या भागांत, मराठी घरं बरीच आहेत. त्यामुळे हे प्रश्न गणपतीच्या पंगतीत विचारले गेले, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि शाळेच्या पार्किंगमध्येही विचारले गेले. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. माझं मत लपवलेलं नाही: मी फेरआखणीच्या बाजूचा आहे, पण ती कशीही केली तरी चालते असं मानणारा नाही.

हद्द म्हणजे नेमकं काय? ती कोण ठरवतं?

सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून मिळतो. गुण, मुलाखत, देणगी यांचा संबंध नाही. कुठल्या पत्त्याला कुठली शाळा, हे नकाशावरच्या रेषांनी ठरतं. हॉवर्ड काउंटीत सगळा भूभाग लहान लहान तुकड्यांत वाटलेला आहे. त्या तुकड्यांना तिथे सगळे पॉलिगॉन म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. फेरआखणी म्हणजे असे पॉलिगॉन एका शाळेकडून काढून दुसरीला जोडणं. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर लोक एकमेकांना ‘तुमचा पॉलिगॉन कुठला?’ असं विचारायला लागले होते.

प्रस्ताव सुपरिंटेंडंट मांडतात, म्हणजे शाळाव्यवस्थेचे मुख्य अधिकारी. निर्णय शिक्षण मंडळ घेतं. मंडळाचे सदस्य मतदारांनी निवडून दिलेले असतात, शिवाय एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो. काउंटी कौन्सिल हे वेगळं. ते पैसे मंजूर करतं, घरबांधणीचे नियम करतं, पण शाळेची हद्द आखत नाही. खूप लोक चुकीच्या दारावर धडकतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

पण बदलायचीच कशाला? चाललंय ते बरं नाही का?

बरं चाललेलं नसतं म्हणूनच तो विषय निघतो. घरं जिथे बांधली जातात तिथे मुलं वाढतात, आणि शाळेची इमारत मात्र जागची हलत नाही. एलिकॉट सिटीतल्या हॉवर्ड हायस्कूलमध्ये (तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी) इमारतीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुलं झाली होती. त्याच वेळी काउंटीच्या पश्चिमेकडच्या काही शाळांत वर्ग रिकामे होते. एकीकडे मैदानावर ट्रेलर उभे करून त्यांत तास घ्यायचे, दुसरीकडे बांधलेल्या खोल्यांना कुलूप.

गर्दीचा त्रास आकड्यांत नीट दिसत नाही. जेवणाची सुट्टी तीन-चार पाळ्यांत लावावी लागते, मग कुणी सकाळी साडेदहाला जेवतं. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत जिन्यावर चेंगराचेंगरी होते. बास्केटबॉलच्या संघात जागा तेवढ्याच, ऑर्केस्ट्रात खुर्च्या तेवढ्याच. हजारऐवजी दोन हजार मुलं असली की निम्म्यांना ते दार बंदच. समुपदेशकाकडे कॉलेजच्या अर्जांसाठी वेळ मिळत नाही. शाळा चांगली आहे म्हणून तिथे घर घ्यायचं आणि त्याच गर्दीत ती शाळा घुसमटायची, हे चक्र आपण सगळ्यांनी मिळून फिरवलेलं असतं.

काउंटीचं धोरण सांगतं की शाळेचा वापर क्षमतेच्या ९० ते ११० टक्के असावा. या धोरणात आणखी दोन कसोट्या आहेत: वस्त्यांचं स्थैर्य आणि विद्यार्थ्यांची सामाजिक-आर्थिक रचना. तीनही एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. सगळं भांडण तिथेच आहे.

नवी शाळा बांधली की प्रश्न मिटेल ना?

थोडा मिटतो, पण हद्दी तरीही बदलाव्या लागतात. नव्या शाळेत मुलं येणार कुठून? आजूबाजूच्या शाळांतूनच. जेसप इथे गिलफर्ड पार्क हायस्कूल, काउंटीचं तेरावं हायस्कूल, २०२३ मध्ये सुरू झालं आणि त्यासाठी आदल्या वर्षी पुन्हा नकाशा हातात घ्यावा लागला. जमीन शोधणं, निधी मंजूर होणं, बांधकाम, यांत वर्षं जातात. आज नववीत असलेलं मूल तोवर बारावी संपवून बाहेर पडलेलं असतं.

बिल्डरांना आवर घाला, असंही म्हटलं जातं. ते काही अंशी बरोबर आहे. शाळा भरलेली असेल तर नव्या घरांना थांबवणारा कायदा काउंटीत आहे, आणि जुलै २०१९ पासून त्यात हायस्कूलची कसोटीही आली. पण मुलं फक्त नव्या घरांतून येत नाहीत. जुन्या घरातलं वृद्ध जोडपं घर विकतं आणि तिथे दोन मुलांचं कुटुंब राहायला येतं; त्यावर कुठल्याच परवान्याचा अंकुश नसतो.

गर्दीचा प्रश्न होता, त्यात समता कुठून आली?

ती आधीपासून होती. कोलंबिया हे शहर विकासक जेम्स राउझ यांनी १९६७ मध्ये वसवलं ते मुळात काळे-गोरे, श्रीमंत-गरीब शेजारी राहतील या कल्पनेवर. त्याआधीचा इतिहास मात्र वेगळा आहे. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितलं. तरी याच काउंटीत काळ्या मुलांसाठी वेगळं ठेवलेलं हॅरिएट टबमन हायस्कूल बंद व्हायला १९६५ साल उजाडलं. निकाल लागून अकरा वर्षं झाली होती! ती इमारत अजून आहे. आता तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. कुटुंब फिरायला निघालं तर मुलांना जरूर दाखवा.

आता २०१९ कडे या. ज्या घरांचं उत्पन्न कमी असतं त्या मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं. केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलत. अशा मुलांचं प्रमाण हे शाळेतल्या गरिबीचं ढोबळ माप मानलं जातं. क्लार्क्सव्हिलच्या रिव्हर हिल हायस्कूलमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होतं. काही मैलांवरच्या वाइल्ड लेक हायस्कूलमध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर होतं. काउंटी एकच, करदाते तेच, मंडळ तेच. ही देशातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक आहे, हेही ध्यानात घ्या. ही दरी आपोआप पडलेली नाही. कुठे बंगले बांधू द्यायचे आणि कुठे अपार्टमेंट, हे कुणीतरी ठरवलं. त्यावर शाळेच्या रेषा आल्या.

२०१९ मध्ये नेमकं काय घडलं?

ऑगस्टमध्ये सुपरिंटेंडंट मायकल मार्टिरानो यांनी प्रस्ताव मांडला. त्यात प्राथमिक, मिडल (सहावी ते आठवी) आणि हायस्कूल मिळून सुमारे ७,४०० मुलांची शाळा बदलणार होती. त्याच सुमारास कौन्सिलच्या तीन सदस्यांनी, ओपेल जोन्स, क्रिस्टियाना रिग्बी आणि डेब जंग यांनी, शाळांच्या एकात्मीकरणाची योजना करावी असा ठराव आणला. तो पुढे दुरुस्त्यांसह मंजूर झाला. मग सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. लोक फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले, निवेदनांचा ढीग पडला. ‘सभ्यता निवडा’ असं वाक्य गाडीच्या मागे मिरवणाऱ्या काउंटीत काही निवेदनांची भाषा वाचवत नव्हती.

२१ नोव्हेंबर २०१९ ला मंडळाने अंतिम नकाशा मंजूर केला. प्रस्ताव जसाच्या तसा राहिला नाही. सुमारे ५,४०० मुलं हलली. अंमल २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून. आणि ते वर्ष सुरू झालं तेव्हा करोनामुळे शाळेच्या इमारती बंद होत्या. ज्या शाळेवरून एवढं रण पेटलं, त्या शाळेचा पहिला दिवस मुलांनी घरात लॅपटॉपसमोर काढला.

हे वंशावरून मुलांचं वाटप नाही का? कोर्टात टिकतं?

सिअ‍ॅटल आणि लुईव्हिल इथल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की एखाद्या मुलाला त्याच्या वंशावरून अमुक शाळा देता किंवा नाकारता येणार नाही. पण त्याच निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी स्वतंत्र मत लिहिलं: वस्त्यांच्या रचनेचं सर्वसाधारण भान ठेवून हद्दी आखणं, नव्या शाळेची जागा निवडणं, हे करता येतं. हॉवर्डच्या प्रस्तावात आकडेवारी प्रामुख्याने मोफत-सवलत जेवणाची, म्हणजे उत्पन्नाची होती. उत्पन्न पाहून रेषा हलवणं आणि मुलाची कातडी पाहून त्याला कुठे धाडणं, या एकच गोष्टी नाहीत.

आणखी एक निकाल इथे महत्त्वाचा आहे. डेट्रॉइटच्या खटल्यात १९७४ मध्ये न्यायालयाने शहर आणि उपनगरं यांच्या वेगळ्या शाळाव्यवस्था ओलांडून वर्णविभाजन मोडण्याची एकत्र योजना लादायला नकार दिला. त्यामुळे जिथे प्रत्येक गावाची आपली वेगळी शाळाव्यवस्था आहे, जसं न्यू जर्सीत, तिथे श्रीमंत गावाची भिंत अभेद्य राहते. मेरीलँडमध्ये सगळं राज्य मिळून फक्त २४ शाळाव्यवस्था आहेत: २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर. म्हणूनच इथे निदान नकाशा उघडता तरी येतो.

आम्ही कर्ज काढून, शाळा बघूनच इथे घर घेतलं. आमची फसवणूक नाही का ही?

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. एच-वन-बी व्हिसावर आलेलं जोडपं, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं, सगळी शिल्लक डाउन पेमेंटला लावतं ते मुलांच्या शाळेकडे बघूनच. शाळेची किंमत घराच्या किमतीत मोजलेली असते हेही खरं. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या उपनगरांतल्या, हद्दीच्या रेषेच्या अल्याड-पल्याडच्या घरांची तुलना केली: शाळेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात.

पण विक्रीच्या करारात शाळा लिहिलेली नसते. तुम्ही घर विकत घेतलं. शाळेतली जागा विकत घेतली नाही, कारण ती विकायला कुणाचीच नव्हती. ती सगळ्या काउंटीच्या करातून उभी आहे. ज्यांना क्लार्क्सव्हिलमध्ये घर परवडत नाही त्यांचाही त्यात वाटा आहे. घराच्या किमतीची काळजी करण्यात गैर काही नाही. मात्र ‘माझ्या घराची किंमत’ हे कारण सुनावणीत ‘मुलांचं हित’ या नावाखाली मांडू नये. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

माझ्या मुलाचं नुकसान होईल का?

अभ्यासाचं म्हणाल तर, घरात पुस्तकं आहेत, आईवडील शिकलेले आहेत, रात्री जेवताना कुणी ‘आज काय झालं शाळेत?’ विचारतं, अशा मुलाचे गुण शाळेच्या इमारतीबरोबर घसरत नाहीत. शाळांचे जे दहापैकी गुण संकेतस्थळांवर दिसतात, त्यांत शिकवण्याच्या दर्जापेक्षा पालकांचं उत्पन्नच जास्त मोजलेलं असतं. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय वाइल्ड लेकमध्येही आहेत. दोन्हीकडचा विषयांचा कॅटलॉग समोरासमोर ठेवून बघा. शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. एखादा विषय खरोखरच नसेल, किंवा तो पुढच्या वर्षी सुरू होईल एवढंच आश्वासन मिळत असेल, तर तो मुद्दा ठामपणे मांडा. तो न्याय्य आहे.

मैत्रीचं नुकसान मात्र खरं असतं. चौदा वर्षांच्या मुलीची जिवलग मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेली तर तिला धोरणाच्या तीन कसोट्या सांगून काही उपयोग नाही. म्हणून वरच्या वर्गांतल्या मुलांना जुन्या शाळेतच पूर्ण करू देणं, एका वस्तीतली मुलं एकत्र हलवणं, दहा-वीस मुलांचा छोटा गट एकटा पाडून नव्या शाळेत न पाठवणं, या गोष्टी माझ्या मते नुसत्या सोयीच्या नाहीत, अत्यावश्यक आहेत. त्या पाळल्या नाहीत तर चांगला हेतूही मुलांच्या अंगावर येतो.

गरीब मुलांच्या शाळेला जास्त पैसे द्या. मुलं कशाला हलवायची?

पैसे द्यायलाच हवेत, आणि मेरीलँडच्या नव्या शिक्षण कायद्यात गरिबी एकवटलेल्या शाळांसाठी वेगळा निधी आहे. पण नुसत्या पैशाने तेवढंच काम होतं का, याचा एक पुरावा शेजारच्याच माँटगोमेरी काउंटीत आहे. तिथे नव्या गृहसंकुलांत काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखण्याचा कायदा १९७४ पासून आहे, आणि सार्वजनिक गृहयोजनेतली कुटुंबं सोडतीने वेगवेगळ्या वस्त्यांत जातात. संशोधक हेदर श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये या कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास मांडला. काही मुलं कमी गरिबी असलेल्या प्राथमिक शाळांत गेली. काही अशा शाळांत गेली जिथे गरिबी जास्त होती, पण काउंटीने लहान वर्ग आणि जादा निधी दिला होता. प्राथमिक शाळा संपेपर्यंत पहिला गट स्पष्टपणे पुढे होता, विशेषतः गणितात. सोडतीमुळे हुशार किंवा धडपडी कुटुंबंच एकीकडे गेली असं म्हणायला जागा राहत नाही.

हायस्कूलला हे तसंच्या तसं लागू होईल असा दावा मी करत नाही. पण चांगल्या शिक्षकाला टिकून राहावंसं वाटणं, शाळेच्या मागे भांडायला पालक असणं, वर्गात कॉलेजची भाषा सहज कानावर पडणं, या गोष्टी अनुदानातून खरेदी होत नाहीत.

दर वेळी कुणाची मुलं हलतात?

कुठल्याही नकाशाकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. सुनावणी संध्याकाळी असते. जी आई त्या वेळी दुकानात पाळी करते, जिला इंग्रजीत बोलायची धास्ती वाटते, जिच्या अपार्टमेंटला होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना नाही, ती तिथे पोचत नाही. वकील लावणारे, नकाशे छापून आणणारे, एकसारखे टी-शर्ट घालून येणारे पोचतात. मग दबाव जिकडून येतो ती रेषा जागेवर राहते आणि शांत असलेल्या वस्तीची रेषा सरकते. एकाच अपार्टमेंट संकुलातल्या मुलांना दहा वर्षांत दुसऱ्यांदा शाळा बदलावी लागली, तर त्याला ‘समतोल’ म्हणणं मला मान्य नाही. नव्या नकाशाबरोबर मंडळाने मागच्या दोन फेरआखणींत कुठले पॉलिगॉन हलले होते त्याचाही नकाशा टांगावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

बसचा प्रवास वाढेल त्याचं काय?

वाढतो. हा विरोधातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. जवळची शाळा ओलांडून मुलं लांब न्यायची असतील तर त्याला खरोखर भक्कम कारण हवं. मुलाला गाडी नाही, पालकाला दुपारी सुटी नाही, तर लांबची शाळा म्हणजे संध्याकाळचा क्लब, खेळ, जादा तास सगळं बंद. आणि हा भार गरीब घरावर जास्त पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये काउंटीत नव्या व्यवस्थेखालच्या काही बस पहिल्याच आठवड्यात आल्याच नाहीत आणि शेकडो घरांची तारांबळ उडाली. म्हणून नकाशाबरोबर उशिराच्या बसचं वेळापत्रकही मंजूर झालं पाहिजे.

नातेवाइकाचा पत्ता दिला तर?

देऊ नका. भाडेकरार, वीजबिल तपासतात. खोटं निघालं तर मुलाला वर्षाच्या मध्यात काढतात आणि फीची वसुली होऊ शकते. शिक्षा मुलाला होते.

विरोध करणाऱ्यांत भारतीय घरं बरीच होती. त्यांना वर्णद्वेषी म्हणायचं का?

नाही. आशियाई घरांनी ज्या वाटेने मुलांना वर आणलं ती वाटच कुणी काढून घेतंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्याशी आधी नीट बोललं गेलं नाही हेही खरं. पण आपल्या दिवाणखान्यांत त्या दिवसांत ‘तिकडची मुलं’ हा शब्दप्रयोग किती सहज वापरला गेला, ते आठवून पाहा. वस्तीवरून, आडनावावरून माणसाचा दर्जा ठरवणं आपल्याला कुणी अमेरिकेत येऊन शिकवलेलं नाही. ज्या मातीत जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळेचं दार सगळ्यांसाठी उघडलं, तिथून आलेल्या माणसांकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

थेट नाही. अकरावीचा प्रवेश गुणांवर आणि केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो, पत्त्यावर नाही. जवळचं उदाहरण शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचं. तिथे शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. अंतराची एक रेषा किती मुलांचं दार बंद करू शकते, हे त्यातून दिसलं.

मला मंडळापुढे बोलायचं आहे. काय बोलू?

मोजकी मिनिटं मिळतात. पॉलिगॉनचा क्रमांक सांगा, चालत जाण्याचा रस्ता, ओलांडावा लागणारा महामार्ग, बसची मिनिटं सांगा. आमच्याऐवजी कोण हलेल, त्याचा त्यांच्यावर काय परिणाम होईल, हेही तुम्हीच सांगा. हे सांगणारा माणूस क्वचित असतो, आणि त्याचं ऐकलं जातं. दुसऱ्या शाळेला नावं ठेवू नका. त्या शाळेतली मुलं समोर बसलेली असतात, स्वतःबद्दल काय बोललं जातंय ते ऐकत.

निर्णय झाला, आमचं घर बदललेल्या भागात आलं. आता?

जूनच्या आत नव्या शाळेत जाऊन या. विषयनिवडीचा फॉर्म कधी भरायचा ते विचारा, कारण उशीर झाला तर हवे ते एपीचे वर्ग भरलेले असतात. मुलाचा खेळ, वाद्य, क्लब यांच्या काही निवडचाचण्या उन्हाळ्यातच असतात. तारखा प्रशिक्षकाकडून घ्या. वैद्यकीय किंवा तशाच गंभीर अडचणी असतील तर जुन्या शाळेत राहू देण्याचा अर्ज करता येतो, मुदत पाळा. आणि घरात मुलासमोर नव्या शाळेबद्दल जे बोलाल ते जपून बोला, कारण सप्टेंबरात तिथल्या वर्गात त्याला बसायचं आहे.